टेंपलरांना फ्रान्सच्या राजाने मारलं की ते आधीच संपले होते?

रिकामटेकडा:
गेला महिनाभर रात्री जेवणं आटोपली की टेंपलर नाइट्सवर जे सापडेल ते वाचत बसतोय, बायको म्हणते आता एक पांढरा झगा शिवून घे म्हणजे सुटलास. तर वाचून वाचून माझं एक मत झालंय आणि ते कुणाशी तरी भांडून तपासून घ्यायचंय, म्हणून हा धागा.

जिथे जावं तिथे तीच स्टोरी. शूर आणि श्रीमंत टेंपलर, पैशाच्या तंगीत असलेला राजा फिलिप चौथा, १३ ऑक्टोबर १३०७ च्या शुक्रवारी पहाटे फ्रान्सभर एकदम धाडी, मग छळ, कबुलीजबाब, आणि शेवटी १३१४ मध्ये त्यांचा मुख्य जाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं, खेळ खल्लास. म्हणजे सगळा दोष राजाचा. मला हे अर्धवट वाटतं. फिलिपने ज्याला मारलं ते आधीच मेलेलं होतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १०९९ ला क्रुसेडवाल्यांनी (म्हणजे धर्मयुद्धावर आलेल्या युरोपातल्या ख्रिश्चनांनी) जेरुसलेम घेतलं पण जाफा बंदरावर उतरून तिथवर चालत जाणारे यात्रेकरू वाटेत सर्रास लुटले जायचे. १११९ च्या सुमारास ह्यूग द पायाँ आणि त्याच्या काही सोबत्यांनी ठरवलं की आपण हा रस्ता राखायचा. राजा बाल्डविन दुसरा याने त्यांना अल-अक्सा मशिदीत जागा दिली, ती सॉलोमनच्या मंदिराची जागा अशी त्यांची समजूत, म्हणून टेंपलर. ब्रह्मचर्य, गरिबी, आज्ञापालन अशी साधूची शपथ आणि वर हातात तलवार. संन्यासी आणि शिपाई एकाच अंगात, हे तेव्हा युरोपात नवलच होतं. ११२९ ला त्र्वाच्या धर्मसभेत मान्यता मिळाली आणि ११३९ ला पोपने सांगून टाकलं की हे लोक फक्त मला जबाबदार, स्थानिक बिशपचा यांच्यावर हक्क नाही. मग काय, शेतं, गिरण्या, द्राक्षमळे, अख्खी गावं दानात यायला लागली.

पण हे सगळं कशासाठी? पवित्र भूमी राखायला. आणि ती तर हातातून गेली. ११८७ ला हत्तिनला सलाउद्दीनने धुतलं. १२४४ ला ला फोर्बीच्या लढाईत साडेतीनशेच्या आसपास टेंपलर नाइट उतरले त्यातले तीसेक परत आले. १२६६ ला इजिप्तचा सुलतान बैबर्सने सफेदचा किल्ला घेतला. १२९१ च्या मे महिन्यात अक्रा हे क्रुसेडवाल्यांचं शेवटचं मोठं शहर पडलं, मुख्य गियोम द बोज्यू तिथेच मेला, आणि ऑगस्टमध्ये अथलितचा किल्ला, जो कुणालाच कधी लढून घेता आला नव्हता, तो यांनी स्वतःच सोडून दिला आणि सायप्रसला निघून गेले. पुढची सोळा वर्षं काम काय? सोसायटी पाडून झाली तरी वॉचमन दर महिन्याला पगार मागतोय, तसं. असा वॉचमन आज ना उद्या जाणारच होता, फिलिप नसता तर दुसरा कुणी.

तळटीप:
अजिबात पटलं नाही. अक्रा काय एकट्या टेंपलरांच्या हातून गेलं का? हॉस्पिटॅलर तिथेच होते, ट्यूटॉनिक नाइट्सही होते, दोन्ही टेंपलरांसारख्याच साधू-शिपाई संघटना. तिघांचं एकाच दिवशी दिवाळं वाजलं. हॉस्पिटॅलरांनी ऱ्होड्स घेतलं, १५२२ पर्यंत तिथे टिकले, मग माल्टा, आणि तिथून त्यांना हाकलायला १७९८ मध्ये नेपोलियन यावा लागला. ट्यूटॉनिकवाले प्रशियात गेले, मारियनबुर्गला राजधानी केली, १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत आपटेपर्यंत पार दबदबा होता. म्हणजे आजार एक, पेशंट तीन, त्यातला एकच दगावला आणि त्याच्या गळ्यावर सुरीची खूण आहे. तरी तुम्ही म्हणणार नैसर्गिक मृत्यू??

आणि तयारी बघा. अटकेचे गुप्त हुकूम १४ सप्टेंबरला निघाले, महिनाभर आधी. १२ ऑक्टोबरला मोले राजाच्या भावजयीच्या अंत्ययात्रेत मानकरी म्हणून हजर, दुसऱ्या दिवशी पहाटे बेड्या. मग पॅरिसमध्ये १३८ जणांचे जबाब झाले, त्यातल्या १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं. क्रॉसवर थुंकलो, ख्रिस्ताला नाकारलं, कसल्याशा मुंडक्याची पूजा केली वगैरे. छळ केला की माणूस काहीही कबूल करतो. पण स्पेनकडच्या अरागॉनमध्ये जिथे सुरुवातीला छळ नव्हता तिथे कुणी हे कबूल केलं नाही, सायप्रसमध्ये तर साक्षीदारांनी उलट चांगलंच सांगितलं. फ्रान्सची हद्द ओलांडली की पाप नाहीसं होतं का हो?

रिकामटेकडा:
तळटीपजी, आरोप खोटे होते हे मी कुठे नाकारलंय. माझा मुद्दा वेगळाय. हॉस्पिटॅलर टिकले कारण त्यांनी धंदा बदलला, १३०६ पासूनच ऱ्होड्सच्या मागे लागले, स्वतःची जमीन, स्वतःचं आरमार, शिवाय दवाखान्याचं काम आधीपासून होतंच. आणि टेंपलर? पोप क्लेमेंट पाचवा याने मोलेला विचारलं की तुम्ही आणि हॉस्पिटॅलर एकत्र व्हाल का, तर याने लिहून कळवलं की नको, दोन संघटनांत चुरस असते ते बरं असतं. आणि नवं क्रुसेड कसं काढावं यावर सल्ला काय, तर मोठ्ठं सैन्य, पूर्वीसारखंच. त्याआधी सीरियाच्या किनाऱ्याजवळच्या रुआद बेटावर चौकी ठेवून बघितली तीही १३०२ ला घालवली. नवीन काही सुचतच नव्हतं ओ त्यांना.

चक्रवाढ:
बँकेत तीस वर्षं काढली त्यामुळे राहवत नाही. तुम्ही दोघं किल्ले आणि शपथा घेऊन बसलाय, टेंपलरांची खरी ताकद होती तिजोरी. पॅरिसचं टेंपल म्हणजे फ्रेंच राजांचा खजिनाच होता जवळजवळ. इकडे पैसे भरा तिकडे उचला, आपल्या हुंडीचाच प्रकार. आणि शिस्त कडक. १२५० ला राजा नववा लुई इजिप्तमध्ये कैदेत पडला, खंडणीत ३०,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) कमी पडले, शेजारी टेंपलरांचं गलबत पैशाने भरलेलं. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, कारण पैसे ठेवीदारांचे आणि दिलेली शपथ अशी की ज्याचे त्यालाच द्यायचे. शेवटी जॉइनव्हिल नावाचा सरदार कुऱ्हाड घेऊन पेटी फोडायला गेला तेव्हा किल्ल्या मिळाल्या, म्हणजे जबरदस्ती झाली असं दाखवून शपथही राहिली आणि राजाही सुटला. हा प्रसंग जॉइनव्हिलने स्वतःच लिहून ठेवलाय. मी नोकरीत असताना वरून फोन आला की फायली कशा हलायच्या ते बघितलंय, त्यामुळे मला या लोकांचं फार कौतुक आहे.

आता फिलिप. इंग्लंडशी लढाई, फ्लँडर्सशी लढाई, तिजोरीत खडखडाट. नाण्यात चांदी कमी कर, मग परत वाढव, असले उद्योग. १३०६ ला ज्यूंना देशाबाहेर काढून त्यांची मालमत्ता घेतली. त्याच वर्षअखेर नाण्याच्या फेरबदलाने घरभाडी एकदम तिपटीवर गेली, पॅरिसमध्ये दंगल झाली, आणि राजा जीव वाचवायला कुठे लपला असेल? टेंपलरांच्या टेंपलमध्ये!! दहा महिन्यांनी त्याच यजमानांना अटक. यात तत्त्वज्ञान शोधू नका, खातं बघा.

अबोली:
मला एक कळत नाही, सगळे "शूर, प्रामाणिक" असं लिहिताय पण हे लोक दुसऱ्याच्या गावात घुसून बसले होते ना? अल-अक्सा मशिदीत तबेले आणि कोठारं केली त्याबद्दल कुणीच काही म्हणत नाही. हत्तिननंतर सलाउद्दीनने बाकीचे बरेच कैदी सोडले किंवा विकले पण टेंपलर आणि हॉस्पिटॅलर नाइट मात्र वेचून मारले, यावरून तिकडच्या लोकांना हे काय वाटत असतील ते समजतं.

तळटीप:
अबोलीताई, मुद्दा रास्त आहे, फक्त एक गंमत सांगतो. सीरियातला उसामा इब्न मुन्किध नावाचा अमीर, त्याने आठवणींत लिहिलंय की जेरुसलेमला गेलो की अल-अक्साच्या शेजारच्या छोट्या मशिदीत माझे टेंपलर मित्र मला नमाजाला जागा करून देत. एकदा युरोपातून नुकताच आलेला एक जण मध्येच येऊन त्याला पूर्वेकडे वळवायला लागला, असा कर म्हणे प्रार्थना, तर टेंपलरांनी त्याला बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली, नवा आहे, त्याला कळत नाही म्हणून.

अबोली:
वाचलंय मी ते. मित्र झाले कारण तोवर घर बळकावून झालं होतं. असो, तुमचं चालू द्या.

भटक्या_जीव:
पण त्यांचा खजिना गेला कुठे ते कोणी सांगेल का? मी ऐकलंय अटकेच्या आदल्या रात्री जहाजं भरून स्कॉटलंडला नेला. आणि मोलेने चितेवरून शाप दिला म्हणून पोप आणि राजा दोघे वर्षाच्या आत गेले, हे तरी खरं ना?

चक्रवाढ:
पोप एप्रिल १३१४ मध्ये गेला, राजा नोव्हेंबरमध्ये, एवढं खरं. शापाची गोष्ट मागाहून रचलेली. आणि खजिना कसला, इस्टेट सगळी जमिनीत, गिरणी काय जहाजात घालून नेणार का? १३१२ ला पोपने ती हॉस्पिटॅलरांना दिली. ती ताब्यात घ्यायला हॉस्पिटॅलरांनाच फिलिपच्या हातात २,००,००० लिव्हर मोजावे लागले, कारण काय तर फिलिप म्हणे टेंपलमध्ये माझी ठेव होती ती मला मिळाली नाही. चोरानेच बँकेवर क्लेम लावला.

जुनाजाणता:
चक्रवाढ साहेब, फक्त पैसा म्हणता ते मला खटकतं. फिलिप हा त्याच नवव्या लुईचा नातू, आजोबा १२९७ मध्ये संत ठरलेले, नातवाच्या डोक्यात आपण पोपपेक्षा कट्टर ख्रिश्चन हे पक्कं. १३०३ ला त्याचा माणूस नोगारे पोप बोनिफेस आठवा याच्यावर इटलीत अनान्यीला चालून गेला होता, आणि टेंपलरांच्या खटल्यामागेही तोच नोगारे. टेंपलर म्हणजे थेट पोपची माणसं. त्यांना पाखंडी ठरवलं की पोपचं नाक आपोआप कापलं जातं. खरं तर त्यांचं मोठेपण जिथून आलं तिथूनच मरण आलं, ११३९ ला एकट्या पोपच्या छत्राखाली गेले, आणि १३०७ ला तो पोप राजाच्या मुठीत निघाला. बिशपांना आधीपासून राग, बाजूने बोलणार कोण?

पोपला ते दोषी वाटत होते असंही नाही. १३०८ ला फ्रान्समधल्या शिनॉनच्या किल्ल्यात त्याच्या कार्डिनलांनी मोले वगैरे पुढाऱ्यांना पापमुक्ती दिली होती, त्याचा कागद व्हॅटिकनच्या दफ्तरात पडून होता तो २००१ मध्ये हाती लागला. आणि १३१२ ला व्हिएनच्या धर्मसभेतही संघटनेला दोषी ठरवलं नाही, बदनामी फार झाली म्हणून बंद करतो असं म्हटलं. दोषी नाही पण दुकान बंद.

मांडवीकाठ:
गोव्याहून लिहितोय. तुमच्या चर्चेत "संपले, संपले" चाललंय म्हणून हसू येतंय कारण आमच्याकडे ते १५१० ला आले की! पोर्तुगालच्या राजा दिनीशने टेंपलरांना हातही लावला नाही. पोपशी वाटाघाटी करून १३१९ ला ऑर्डर ऑफ क्राइस्ट नावाने नवी संघटना काढली, जमिनी त्याच, माणसंही बरीचशी तीच, पुढे मुख्यालय तोमारला, जो किल्ला टेंपलरांनीच ११६० मध्ये बांधायला घेतला होता. मग १४२० पासून त्या ऑर्डरचा कारभारी कोण तर राजपुत्र हेन्री, ज्याने आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं पाठवली. वास्को द गामाच्या शिडांवरचा लाल क्रॉस याच ऑर्डरचा. पाटी बदलली, दुकान तेच.

तळटीप:
बघा! हेच तर म्हणतोय. राजा दिनीश असता तर जगले असते. फ्रान्समध्ये राजा फिलिप होता म्हणून मेले. संघटना मेलेली होती हा मुद्दा इथेच संपला.

रिकामटेकडा:
उलट आहे. पोर्तुगालमध्ये जगले कारण तिथे दक्षिणेला ग्रनाडा आणि मोरोक्को होतं, सीमा राखायचं काम शिल्लक होतं, राजाला उपयोग होता. जिथे काम तिथे पगार. आणि मांडवीकाठ राव, पाटी तेवढीच बदलली हे काही खरं नाही. पोपच्या ऐवजी ती हळूहळू राजाच्या खिशात गेली, मानुएल राजा व्हायच्या आधी तिचाच प्रमुख होता आणि १५५१ ला तर प्रमुखपद कायमचं राजघराण्याला जोडलं. गोव्यात आले ते राजाचे नोकर.

मांडवीकाठ:
गामा तर आधी दुसऱ्याच, सांतियागोच्या ऑर्डरमध्ये होता, ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये नंतर आला, तेवढं मान्य. पण ज्यांच्या गावावर तो क्रॉस फिरला त्यांना तो पोपचा का राजाचा, काय फरक पडतो सांगा.

अबोली:
+१

तळटीप:
रिकामटेकडा, शेवटचं विचारतो. तुम्ही म्हणता प्रेत होतं. १३१० ला पोपच्या चौकशी मंडळापुढे संघटनेच्या बचावाला पाचशेच्या वर टेंपलर उभे राहिले, जबाब फिरवला म्हणून १२ मे रोजी त्यातल्या ५४ जणांना पॅरिसबाहेर एका दिवसात जाळलं. चार वर्षांनी मोलेला जन्मठेप सुनावली, गप्प बसला असता तर जगला असता, सत्तरीच्या आसपासचा म्हातारा, सात वर्षं कोठडीत. लोकांसमोर उठून म्हणाला की आरोप खोटे आहेत, माझा गुन्हा एकच, जीव वाचवायला कबुली दिली. नॉर्मंडीचा प्रमुख जोफ्र्वा द शार्नेही त्याच्यासोबत उठला. त्याच संध्याकाळी सीन नदीतल्या बेटावर दोघांना जाळलं. मेलेली संघटना असली माणसं कुठून काढते?

रिकामटेकडा:
मोलेला मी प्रेत म्हटलं नव्हतं हो, संघटनेला म्हटलं होतं. पण ५४ चा आकडा वाचून थोडा थांबलो हे कबूल करतो, आणि माझा छळ न होता करतो. १२९१ ऐवजी १३०२ म्हणतो, रुआद गेलं तेव्हा. यापेक्षा जास्त सूट नाही.

चक्रवाढ:
११ वर्षं वाढवून दिली, घ्या तळटीप, फिलिपने एवढीही दिली नव्हती.