सेरोटोनिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तर मग रक्तदाबही वाढतो का?

प्रश्न

मला उच्च रक्तदाब असून त्यासाठी अम्लोडिपिन चालू आहे. अलीकडे चिंतेच्या विकारासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केले. हे औषध सेरोटोनिन या चेतापेशींतील संदेशवाहक द्रव्याचा प्रभाव वाढवते, आणि सेरोटोनिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, असे वाचनात आले. मग या औषधाने रक्तदाब वाढायला हवा, असे मला वाटते. हा तर्क कितपत बरोबर आहे? कृपया कारणांसह सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या तर्कातील पहिला भाग खरा आहे, पण तो अर्धाच आहे. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते. तेथून रक्तात आलेले सेरोटोनिन प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या) पेशी शोषून घेऊन साठवतात, त्यामुळे रक्तात मोकळे सेरोटोनिन अत्यल्प असते. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट तेथे गोळा होतात, साठा बाहेर सोडतात आणि ती वाहिनी आवळली जाऊन रक्तस्राव कमी होतो.

हे आवळणे प्रामुख्याने वाहिनीच्या भिंतीतील स्नायूंवर असलेल्या '५-एचटी२ए' या रिसेप्टरमुळे, म्हणजे द्रव्याचा संदेश स्वीकारणाऱ्या पेशीवरील जागेमुळे घडते ('५-एचटी' हे सेरोटोनिनचेच संक्षिप्त रासायनिक नाव); तो उद्दीपित झाला की पेशीतील कॅल्शियम वाढते आणि स्नायू आकुंचन पावतो. मात्र वाहिनीच्या आतील अस्तरावर, म्हणजे एंडोथेलियमवर, सेरोटोनिनचे वेगळे रिसेप्टर असतात आणि ते नायट्रिक ऑक्साइड मुक्त करून त्याच स्नायूला सैल करतात. म्हणून अस्तर निरोगी असेल तर वाहिनी रुंदावू शकते, आणि धमनीकाठिण्याने ते बिघडले असेल तर तेच सेरोटोनिन तिला आवळते. हृदयाच्या धमन्यांबाबत हा फरक रुग्णांमध्ये प्रत्यक्ष पाहिला गेला असून त्याचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे, कारण एखादे द्रव्य 'रक्तवाहिन्या आवळणारे' आहे असे म्हणताना ती रक्तवाहिनी कोणत्या अवस्थेत आहे हे सहसा कोणी विचारत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचनाला थोडी ऐतिहासिक जोड देतो. मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी 1948 मध्ये क्लीव्हलंड येथे रक्तद्रवातून सेरोटोनिन वेगळे केले. पेज हे उच्च रक्तदाबाचे अभ्यासक होते, आणि रक्त गोठल्यावर त्यात आढळणारे वाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य त्यांच्या प्रयोगांत सतत अडथळा आणत होते. साहजिकच हेच उच्च रक्तदाबाचे मूळ असावे अशी शंका घेतली गेली. परंतु पुढील प्रयोगांत सेरोटोनिन कधी दाब वाढवते तर कधी उतरवते असे दिसून आले.

केटान्सेरिन या औषधाचा अनुभवही बोलका आहे. ते '५-एचटी२ए' रिसेप्टर रोखते आणि रक्तदाब कमी करते, त्यामुळे सेरोटोनिनचा दोष सिद्ध झाल्यासारखे वाटले. पण हे औषध अल्फा-१ हा ॲड्रेनालीन गटाचा रिसेप्टरही रोखते, आणि '५-एचटी२ए' रोखणाऱ्या पण अल्फा-१ वर फारसा परिणाम न करणाऱ्या रिटान्सेरिन या औषधाने रक्तदाब तितका उतरला नाही. उंदरांना काही दिवस सतत सेरोटोनिन दिल्यावर तर रक्तदाब घटलेला आढळला, आणि त्यात '५-एचटी७' रिसेप्टरचा वाटा दिसला. तेव्हा नेहमीच्या उच्च रक्तदाबाचे खापर सेरोटोनिनवर फोडणे मला योग्य वाटत नाही.

फुप्फुसांच्या धमन्यांतील उच्च रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे. तेथे सेरोटोनिन आकुंचन घडवतेच, शिवाय भिंतीतील स्नायुपेशींची वाढही करते. भूक कमी करणाऱ्या अमिनोरेक्स आणि फेनफ्लुरामिन या औषधांमुळे हा गंभीर आजार काही लोकांना जडला होता.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग सर्ट्रालिन माझ्यासाठी सुरक्षित समजावे का?

प्रतिसाद ३

सर्ट्रालिनच्या गटातील औषधांचा नेहमीच्या मात्रेत रक्तदाबावर सहसा फारसा परिणाम होत नाही. ती चेतापेशींप्रमाणे प्लेटलेटमधील सेरोटोनिनचे शोषणही रोखतात, त्यामुळे प्लेटलेटमधील साठा उलट कमी होतो. म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते, हे मात्र ध्यानात ठेवावे. व्हेनलाफॅक्सिन या दुसऱ्या नैराश्यविरोधी औषधाने मोठ्या मात्रेत रक्तदाब वाढू शकतो, परंतु त्यामागे नॉरॲड्रेनालीन हे वेगळे संदेशवाहक द्रव्य असते.

आपल्याला अर्धशिशी असल्यास तिच्यावरील सुमाट्रिप्टान या औषधाबाबत आवर्जून विचारावे. ते '५-एचटी१बी' रिसेप्टरद्वारे धमन्या आवळते, म्हणून हृदयधमनीविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना देत नाहीत. सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे एकत्र घेतल्यावर थरथर, ताप, घाम, अस्वस्थता आणि वाढलेला रक्तदाब अशी लक्षणे एकदम दिसू लागली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. एरवी पहिले काही आठवडे रक्तदाबाची नोंद ठेवून ती दोन्ही डॉक्टरांना दाखवावी, आणि केवळ या शंकेपायी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.