गहू-दूध बंद, वेखंड, काढा, स्टेम सेल: काय करून बघायचं आणि फरक पडला हे कसं ठरवायचं?

खानापूर_रविवार

नमस्कार मंडळी. खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातल्या अकरा घरांतले पालक महिन्यातून एका रविवारी एकत्र बसतो. मुलं ३ ते ९ वर्षांची. काहींना ऑटिझम, काहींचं बोलणं उशिरा, काहींची एकूणच वाढ उशिरा असं निदान आहे. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं-हालचाली शिकवणारी) आठवड्यातून एकदा, तीही एसटी धरून बेळगावला जाऊन. मधले सहा दिवस ज्याला जे कळेल ते तो करतो. बैठकीत एकजण "आमच्यात फरक पडला" म्हणाला की दुसऱ्या दिवशी चार घरांत तेच सुरू.

सध्या चालू आहे ते असं: गहू आणि दूध बंद. वेखंड उगाळून जिभेवर. एका वैद्यांचा काढा आणि पुड्या. केसांच्या नमुन्यावरून "अंगात जड धातू" असा रिपोर्ट आणि त्यावर धातू बाहेर काढायची औषधं. एका घराला स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, ते शेत गहाण टाकायच्या गोष्टी करताहेत. शिवाय झोळी आणि तेल-मालीश. शाळा कानडी असल्यामुळे "घरी पण कानडीच बोला, मराठी बंद करा" असंही दोघांना सांगण्यात आलंय.

कुणाचं मन मोडायचं नाही, पण लेकरांवर प्रयोगही नकोत. बिनधास्त काय करावं, कशाला हात लावू नये, आणि फरक पडला हे ठरवायचं कसं? जाणकारांनी खुलासेवार सांगा की ओ.

वही_पेन

आधी मोजण्याचं सांगतो. ते बसलं की तुमच्या बैठकीतली निम्मी भांडणं आपोआप मिटतील.

ही मुलं एका चालीनं पुढं जात नाहीत. दोन महिने काही नाही, मग अचानक पंधरा दिवसांत चार नवे शब्द. मध्येच झोप बिघडते, चिडचिड वाढते आणि परत कमी होते. आईबाप नवा उपाय नेमका वाईट दिवसांत सुरू करतात. वाईट दिवस तसेही ओसरणारच असतात, श्रेय मात्र पुडीला जातं. सिक्रेटिन नावाच्या पचनसंस्थेतल्या संप्रेरकाचं असंच झालं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनानं मुलं बोलायला लागली अशी हवा उठली. १९९९ मध्ये नीट चाचणी घेतली, निम्म्या मुलांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. पालक खोटं बोलत नव्हते. मिठाच्या पाण्यानंतरही त्यांना खराच फरक दिसला होता.

म्हणून वही घाला. नवं काही सुरू करायच्या आधी पूर्ण १४ दिवस फक्त नोंद, उपाय काही नाही. नोंदवायच्या तीनच गोष्टी, त्याही मोजता येणाऱ्या. "लक्ष वाढलं" हे मोजता येत नाही. "संध्याकाळी ५ ते ६ मध्ये स्वतःहून किती वेळा मागितलं" (बोट दाखवून, हात धरून नेऊन किंवा बोलून, काहीही चालेल) हे मोजता येतं. रात्री डोळा किती वाजता लागला, किती वेळा जाग आली, तेही लिहिता येतं. तास रोज तोच ठेवा आणि लिहिणारा माणूसही तोच. आज आई, उद्या आजी असं केलं की आकडे हलतात.

मग एका वेळी एकच बदल. गहू बंद, काढा सुरू आणि नवीन थेरपिस्ट एकाच आठवड्यात, असं केलं तर काहीच कळणार नाही. सुरू करायच्या दिवशीच थांबायची तारीख वहीत लिहा. आहाराला १२ आठवडे ठीक, मालीश-झोळीला ६ पुरे. शाळेतल्या बाईंना बदलाचं सांगूच नका, त्यांना फक्त आठवड्याला एक ओळ लिहून द्यायची विनंती करा. ज्याला माहीत नाही त्याची साक्ष जास्त खरी. (तब्येतीला धोका होईल अशा गोष्टी अर्थात शाळेपासून लपवायच्या नाहीत.)

बैठकीत बोलताना प्रत्येकानं वहीचं पान समोर ठेवायचं, एवढा एकच नियम करा. "फरक पडला" म्हणणाऱ्याला कुणी उलटतपासणी घेऊ नये, नुसतं पान मागावं.

भाकरी_नाचणी

गहू-दूध बंद करण्याबद्दल. यानं ऑटिझमची लक्षणं कमी होतात असं नीट घेतलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेननं आतडं बिघडतं तो आजार) असेल तर गहू बंद करावाच लागतो, पण मग रक्ताची तपासणी गहू चालू असतानाच करायची. आधी बंद करून मग तपासलं तर खरा आजारही रिपोर्टात दिसत नाही. ही चूक फार होते.

तरी कुणाला करून बघायचंच असेल तर आपल्या भागात गहू सोडणं सोपं आहे. ज्वारीची भाकरी, भात, नाचणी, सगळं घरात आहेच. फसतं ते दोन ठिकाणी. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आणि गिरणीत गव्हाच्या मागं ज्वारी दळली की पहिलं किलो-दीड किलो पीठ मिसळीचंच येतं. सकाळी गिरण सुरू होताना पहिला घाणा आपला लावायला सांगा, किंवा आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा.

दूध सोडणं मात्र महागात पडतं. यातली बरीच मुलं मोजून चार पदार्थ खातात, त्यातलं एक दूध असतं. २००८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दुधातलं केसीन हे प्रथिन टाळणाऱ्या ऑटिझमच्या मुलग्यांची हाडं इतरांपेक्षा पातळ आढळली होती. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ७ ते ९ ला ६५०. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, पण लहान मूल दिवसाला ३०-४० ग्रॅमच्या वर नाचणी खात नाही, म्हणजे शंभर-सव्वाशेच पदरात पडतं. पांढऱ्या तिळाचा कूट चमचाभर भाकरीच्या पिठात मळा, त्यानं थोडी भर पडते. तरी खड्डा राहतोच, तेव्हा डॉक्टरांना विचारून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केल्याशिवाय दूध बंद करू नका. दर महिन्याला वजन. वजन घटलं की प्रयोग त्याच दिवशी बंद, १२ आठवडे पुरे करायचा हट्ट नको.

उंटिणीच्या दुधाची पावडर कुणी सांगितली असेल तर त्यातही केसीन असतंच. गाईचं दूध केसीनसाठी बंद आणि उंटिणीचं चालू, याचा मेळ बसत नाही.

पुडीवरचं_वाचा

ताई, दादा, काढा-पुड्यांचं मी जरा कडकच सांगणार.

पुड्यांत रसौषधी, म्हणजे धातूंची औषधं, असू शकतात. पुडीवर नावच नसेल तर मुलाला द्यायची नाही, मग वैद्य कितीही ओळखीचे असोत. नाव असेल तर घटक वाचा. नागभस्म म्हणजे शिसं. पारद आणि हिंगूळ म्हणजे पारा. मनःशिळा आणि सोमल म्हणजे आर्सेनिक. विषारी वर्गातले घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना कायद्यानं छापावी लागते. शिसं लहान मुलाच्या मेंदूलाच बाधतं. म्हणजे ज्या त्रासासाठी औषध घेतो तोच त्रास वाढणार.

वेखंड: जीभ हलकी होऊन बोलणं फुटतं म्हणून आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या देतात. बोलणं जिभेतून सुरू होत नाही, ऐकणं आणि समजणं यातून सुरू होतं. वेखंडातल्या बीटा-ॲसारोनमुळं उंदरांमध्ये गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. रोज उगाळून देणं थांबवा. जिभेखालची तार कापायचंही असंच. ती आखडलेली असेल तर ल, र, ट सारखे काही उच्चार बिघडू शकतात, पण मूल बोलतच नसेल तर कारण ती तार नव्हे. त्याआधी कानाची तपासणी. टाळी वाजवली की वळून बघतो, एवढ्यावर जाऊ नका. झोपेत बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघतात) करून घ्या.

मालीशच्या तेलात कापूर घालू नका. कापूर पोटात गेला किंवा कातडीतून जास्त शोषला गेला तर झटके येतात. ज्याला आधीच फीट येते त्याच्या जवळपासही नको. आणि फीटचं औषध काढ्यासाठी कधीही मध्येच तोडायचं नाही. एकदम तोडलं तर न थांबणारे झटके येऊ शकतात.

आता केसांचा रिपोर्ट. शॅम्पू, तेल, धूळ, बोअरचं पाणी, सगळ्यानं तो आकडा हलतो. आधी औषध पाजून मग लघवी तपासतात तोही प्रकार तसलाच, त्या औषधानं कुणाच्याही लघवीत धातू वाढतो. शंका खरीच असेल, म्हणजे मूल भिंतीचा रंग, माती खातं, डोळ्यांत सुरमा घालता किंवा भस्माच्या पुड्या दिल्या आहेत, तर शिरेतून रक्त काढून शिशाची पातळी तपासा. एका डेसीलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा वर आली तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धातू काढायची औषधं फार वरच्या पातळीला आणि मोठ्या दवाखान्यात भरती करूनच देतात. ऑटिझमसाठी त्यांचा उपयोग नाही. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या ऑटिझमच्या मुलाला ईडीटीए या धातू काढायच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली आलं आणि हृदय थांबून मूल गेलं. तुमच्या गटात हे चालू असेल तर रविवारची वाट बघू नका, आजच फोन करा.

माती खाण्यावर आणखी एक: हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) बघा. लोह कमी असलं तरी मुलं माती खातात आणि रात्रभर पाय झाडतात. लोह भरून आलं की कित्येकांची झोप सुधारते.

खानापूर_रविवार

फार उपयोगी झालं ओ. फोन केला, औषध आजपासून थांबवतो म्हणालेत, उद्या बालरोगतज्ज्ञांकडं जाणार. स्टेम सेल आणि भाषेचं कुणी सांगा. आणि झोळी करावी का?

वही_पेन

स्टेम सेल: कमरेच्या हाडातून मगज काढतात आणि पाठीच्या कण्यातून सुई घालून पेशी आत सोडतात, तेही भूल देऊन. ऑटिझमसाठी हा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा त्या घराला दोनच प्रश्न विचारायला सांगा: "सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक द्या" आणि "चाचणी असेल तर पैसे कशाचे?" मेंदूच्या विकारावर हमखास गुण अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते पत्रक जपून ठेवा. शेत गहाण टाकू नका.

पैसे वाचवायचे असतील तर निरामय विमा बघा. नॅशनल ट्रस्टची योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीही बसते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आपल्या राहत्या जिल्ह्यातून काढा. उपचार कोल्हापूर-मिरजेला चालू असले तरी अडत नाही, कार्ड देशभर चालतं. प्रमाणपत्रासाठी ऑटिझम किती आहे ते मोजणारी आयएसएए चाचणी होते, ४० मुद्द्यांची. मूल चांगल्या दिवशी कसं वागतं ते सांगायला जाऊ नका, रोजचं खरं सांगा, वही बरोबर न्या.

दोन_भाषा

मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळं ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागं पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट घरच्यांना जी भाषा सफाईनं येत नाही ती बोलायला लावली की घरातलं बोलणंच कमी होतं. मोडक्या कानडीत आई दिवसाला दहा वाक्यं बोलणार, मराठीत हजार. आजी तर गप्पच बसणार.

करायचं असं: मूल जे देऊन वस्तू मागेल ते चित्रकार्ड घरी आणि शाळेत एकच. पेल्याचा खरा फोटो, ५ सेंटिमीटर चौरस, लॅमिनेट करून मागं वेल्क्रो. कार्ड दिलं की घरी "पाणी" म्हणायचं, शाळेत बाई "नीरु" म्हणतील. घरी "पाहिजे", तिकडं "बेकु". चित्र बदलत नाही, म्हणून मूल गोंधळत नाही.

सुरुवात दोन माणसांनी करा. पुढचा माणूस मुलाच्या आवडीची वस्तू धरून बसतो, मागचा काही न बोलता मुलाचा हात कार्डापर्यंत नेऊन त्याच हातानं कार्ड पुढच्याच्या तळहातावर ठेववतो. त्याच क्षणी वस्तू द्यायची आणि शब्द उच्चारायचा. बिघडतं कुठं? "काय पाहिजे? सांग, काय पाहिजे?" असं आधी विचारत राहिलं की मूल विचारल्याशिवाय मागतच नाही. दुसरं, कार्डं हरवतील म्हणून फडताळावर ठेवतात. ती मुलाच्या हाताला लागतील अशीच हवीत. आणि पहिलं कार्ड शी-शूचं नको, शेंगदाण्याच्या चिक्कीचं चालेल, मुलाला हवंसं वाटणारं काहीही.

कौलारू_झोळी

झोळी करा की. नऊवारी सुती लुगडं दुहेरी घडीनं, सिंथेटिक नको, गाठ सरकते. कौलारू घरात तुळईलाच बांधायची, वाशाला नाही. स्लॅबचं घर असेल तर गवंड्याकडून काँक्रीटमध्ये बसवलेला हूक, पंख्याचा नव्हे. मोठ्या माणसानं आधी स्वतः बसून हिसके देऊन बघायचं, कारण झोक्यात वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येतो. तळ जमिनीपासून वीतभर-दीड वीत, खाली गादी.

सावकाश पुढं-मागं झोका शांत करतो, गरागरा फिरवणं चेतवतं. म्हणून झोपायच्या आधी फिरवायचं नाही, आणि फीट येणाऱ्याला कधीच नाही. १० मिनिटं पुरे, चेहरा उघडा, मोठं माणूस शेजारी, रात्री झोळीत झोपवणं नाही. वजनदार गोधडीनं झोप सुधारते का, याची ऑटिझमच्या मुलांवर चाचणी झाली आहे, २०१४ मध्ये छापली. झोप वाढली नाही, मुलांना गोधडी आवडली एवढंच. स्वतःच्या हातानं बाजूला सारता येत नसेल अशा मुलावर ती घालायचीच नाही.

मालीशला कोमट खोबरेल किंवा तिळाचं तेल, आंघोळीआधी १५ मिनिटं. हळुवार गुदगुल्यांसारखा हात बऱ्याच मुलांना सोसत नाही, तळहात पूर्ण टेकवून दाबत न्या, खांद्याकडून बोटांकडं. मुलानं हात ओढून घेतला की थांबायचं. वहीत तेवढंही लिहा: किती मिनिटांनी ओढला.