'फॉरमॅट स्पेसिफायर'ला मराठीत काय म्हणावं?

परभणी: सी-भाषेच्या मराठी टिपणात 'फॉरमॅट स्पेसिफायर'ला, म्हणजे प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला किंमत कशी छापायची ते सांगणाऱ्या %डीसारख्या खुणेला, 'स्वरूप निर्देशक' लिहावं की 'विनिर्देशक'? पोरं तर सरळ 'पर्सेंट डी' म्हणायलेत. (कोडमधली रोमन अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे लिहितो.)

नांदेड: विनिर्देशक. निर्देशक नुसता बोट दाखवतो. नेमकं ठरवून देण्याला कायद्याच्या मराठीत 'विनिर्दिष्ट करणे' म्हणतात.

लातूर: माझी हरकत 'स्वरूप'ला आहे. त्यामुळे वाटतं, %एफ (दशांश छापायची खूण) लावलं की पूर्णांकाचा दशांश होतो. अजिबात होत नाही. प्रिंटएफला आत काय आलंय ते कळत नाही. मोंढ्यात पोतं न उघडता चिठ्ठी वाचून हरभरा म्हणावं, तसं ते %डी दिसलं की इंट (पूर्णांक) समजून वाचतं. तिथे डबल (दशांश संख्येचा प्रकार) दिला तर ६४-बिट इंटेल संगणकावर लिनक्समध्ये दशांश संख्या वेगळ्या रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यातून) जाते, म्हणून भलताच आकडा छापला जातो. ५ विषयांचे ३४७ गुण इंटमध्ये असतील तर गुण/५ म्हणजे ६९च, आणि तोही %.२एफने नीट छापला जाणार नाही. गुण/५.० लिहा, मग ६९.४० येतं. म्हणून 'प्रकार विनिर्देशक' बरा. जीसीसी या कंपायलरला -वॉल (इशारे दाखवायचा पर्याय) द्या, अशी चूक तो सांगतो.

जालना: पण 'प्रकार'नेही भागत नाही. %८.२एफमधला ८ प्रकार सांगत नाही, किमान रुंदी सांगतो. टिंबही त्यात मोजलं जातं, आणि आकडा मोठा असला तर कापला जात नाही. सी-मानकात शेवटच्या अक्षराला 'कन्व्हर्शन स्पेसिफायर' आणि %पासूनच्या अख्ख्या तुकड्याला 'कन्व्हर्शन स्पेसिफिकेशन' म्हणतात. मराठीतही 'विनिर्देशक' आणि 'विनिर्देश' असे दोन शब्द ठेवा.

परभणी: हे पटलं. मग डबलला %एफ की %एलएफ?

जालना: छापताना %एफ, फ्लोट (डबलपेक्षा छोटा दशांश प्रकार) तिथे आपोआप डबल होऊन जातो. वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये मात्र व्हेरिएबलचा पत्ता जातो, म्हणून फ्लोटला %एफ, डबलला %एलएफच. किती बाइट ते सांगणाऱ्या साइझऑफचं उत्तर छापायला %झेडयू.

धाराशिव: मजकूर छापायच्या खुणेबद्दल टिपणात '%-२०एस म्हणजे २० अक्षरं' असं लिहू नका. ते बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइटचं. 'बीड' ९ बाइट, म्हणून पुढे ११ मोकळ्या जागा. 'हिंगोली' २१, म्हणून एकही नाही. जिल्ह्यांचा तक्ता तिथेच वाकडा होतो. %.४एस (जास्तीत जास्त ४ बाइट छापा) दिलं तर दुसरं चिन्ह मधूनच तुटतं. 'अक्षरं' खोडून 'बाइट' करा.