शेजारी देशांतील घरगुती वीजबिल आपल्यापेक्षा इतके वेगळे कसे?

प्रश्न – देवगडचा बागायतदार

नमस्कार. आमच्या आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गृहस्थाने त्याच्या गावच्या घराचे वीजबिल मला मोबाइलवर दाखवले. महिन्याचा वापर १८ युनिट आणि भरायची रक्कम ३० नेपाळी रुपये, म्हणजे आपले १९ रुपयेही पूर्ण नाहीत. आमचे गावचे घर वर्षातील बहुतेक काळ बंद असते. पंप वेगळ्या जोडणीवर आहे, त्यामुळे घरात जळतो तो ओसरीवरचा दिवा आणि अधूनमधून चालू केलेला फ्रिज. तरीही २०२४-२५ मध्ये २० युनिटांचे बिल २८५ रुपयांच्या घरात आले होते. तिकडे वीज खरोखरच इतकी स्वस्त आहे, की बिल आकारण्याची पद्धतच निराळी आहे? भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि पाकिस्तान येथील घरगुती ग्राहकांची स्थिती कोणाला ठाऊक असल्यास तीही कृपया सांगावी. वाडीतील अनेक बंद घरांचा हा प्रश्न आहे.

उत्तर – निवृत्त, बिलिंग विभाग, रत्नागिरी

आपले बिल हिशेबाने बरोबर आहे. २०२४-२५ मध्ये महावितरणच्या सिंगल फेज घरगुती ग्राहकाला स्थिर आकार १२८ रुपये होता, पहिल्या १०० युनिटांना प्रति युनिट वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार, १ रुपया १७ पैसे. त्यानुसार २० युनिटांचे ११७ रुपये ६० पैसे होतात, त्यात स्थिर आकार मिळवून २४५ रुपये ६० पैसे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागून बेरीज २८५ रुपयांच्या आसपास जाते. एखाद्या महिन्यात इंधन समायोजन आकार लागला तर तो याशिवाय. म्हणजे आपण भरलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक पैसे विजेचे नाहीत, जोडणी चालू ठेवण्याचे आणि त्यावरील शुल्काचे आहेत. गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूप असणाऱ्या चाकरमान्यांच्या प्रत्येक घराला हेच लागू होते.

नेपाळमध्ये मुख्य फरक येथेच पडतो. तेथे नेपाळ विद्युत प्राधिकरण घरगुती जोडणीचे वर्ग अँपिअरवर, म्हणजे जोडणी किती विद्युतप्रवाह पेलते त्यावर, ठरवते: ५, १५, ३० आणि ६० अँपिअर. सर्वांत लहान, म्हणजे ५ अँपिअरच्या जोडणीला २० युनिटांपर्यंत विजेचा दर शून्य असून फक्त ३० रुपये सेवा शुल्क घेतले जाते. मात्र त्यापुढे चित्र झपाट्याने बदलते. २१ ते ३० युनिटांना साडेसहा, ३१ ते ५० ला आठ आणि ५१ पासून साडेनऊ नेपाळी रुपये असे २०२१ पासूनचे दर धरले, तर १०० युनिटांचा केवळ विजेचा आकार ७०० नेपाळी रुपये, म्हणजे सुमारे ४३८ भारतीय रुपये होतो आणि सेवा शुल्क वेगळे. आपल्याकडे २०२४-२५ च्या दरांनी १०० युनिटांचे बिल ८३० रुपये होते. २० युनिटांना जवळजवळ पंधरापट दिसणारे अंतर १०० युनिटांना दुपटीच्याही आत येते. म्हणून प्रति युनिट दर शेजारी शेजारी मांडून तुलना करू नये. आपला स्वतःचा महिन्याचा वापर घ्यावा आणि त्या वापराचे दोन्हीकडचे संपूर्ण बिल काढून पाहावे.

हेही लक्षात असू द्यावे की २०१६ पर्यंत काठमांडूतही दिवसातील अनेक तास भारनियमन असे. आजची स्वस्ताई त्यांना फार जुनी नाही.

उत्तर – चिपळूणचे शिक्षक

भूतानबद्दल थोडे लिहितो, कारण आम्हा चिपळूणकरांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. तेथील चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचे असल्याने तुलना सोपी आहे. ग्रामीण घरांना महिन्याला पहिली १०० युनिटे मोफत देण्याचे धोरण तेथे २०१३ पासून राबवले गेले. त्यामागे चुखा आणि ताला यांसारखे, भारताच्या साहाय्याने उभे राहिलेले जलविद्युत प्रकल्प आहेत. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास, पावसाळ्यात गरजेच्या कितीतरी पट निर्मिती, आणि प्रकल्पांकडून सरकारला मिळणाऱ्या मोफत वाट्यातून घरगुती दरात सवलत. हिवाळ्यात नद्या आटल्या की मात्र भूतानच भारताकडून वीज विकत घेतो.

आमच्या तालुक्यात पोफळीला कोयनेची वीजगृहे आहेत, प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे आणि वीज निर्माण करून सुटलेले पाणी वाशिष्ठीतून आमच्याच गावांवरून खाली जाते. असे असूनही पोफळीचा ग्राहक आणि विदर्भातील महावितरणचा ग्राहक एकाच दराने बिल भरतो, कारण स्वस्त जलविद्युत, महाग औष्णिक वीज आणि शेतीपंपांच्या सवलतीचा भार हे सारे एकाच हिशेबात धरून वीज नियामक आयोग राज्याचा दर ठरवतो. भूतानमध्ये धरणाचा लाभ थेट घरगुती बिलात दिसतो, आपल्याकडे तो राज्यभर विभागला जातो. राज्याचा विचार करता हे योग्यच आहे, असे मी मानतो, परंतु प्रकल्पासाठी जमिनी दिलेल्या गावांना काही युनिटांची सवलत मिळावी, ही मागणीही मला तितकीच न्याय्य वाटते.

उत्तर – सावंतवाडीहून

आमच्याकडे तुलना आधी होते ती बांद्याच्या पलीकडे, गोव्याशी. तेथील घरगुती दर आपल्याहून बरेच कमी आहेत, तेव्हा देश एक असूनही सीमा ओलांडताच बिल बदलते.

टप्प्यांचा मुद्दा राहिला आहे. १०० युनिटांपुढे एक युनिट जरी गेले तरी सगळ्या वापराला वरचा दर लागतो, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. महाराष्ट्रात तसे नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. श्रीलंकेत मात्र महिन्याचा वापर ६० युनिटांच्या वर गेला की पहिल्या ६० युनिटांनाही अधिक दर लावला जातो. पाकिस्तानात तर सलग सहा महिने २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या ग्राहकालाच संरक्षित वर्गाचा दर मिळतो, आणि एका उष्ण महिन्यात मर्यादा ओलांडली की ते संरक्षण जाते. जेमतेम उत्पन्नाच्या कुटुंबाला एका पंख्याच्या वापरापायी पुढचे कित्येक महिने महाग व्हावेत, हे मला फार कठोर वाटते. श्रीलंकेने आर्थिक संकटात ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६६ टक्के वाढ केली होती. पुढे दर काहीसे उतरले.

बांगलादेशात शहरांतून प्रीपेड मीटर मोठ्या प्रमाणावर आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या दरांनी २०० युनिटांना मागणी आकार (मंजूर भारावर लागणारा मासिक आकार) आणि ५ टक्के कर धरून सुमारे १४०० टका होतात, म्हणजे आपले हजारेक रुपये. आपल्याकडे २०२४-२५ च्या दराने त्याच वापराचे २१६० रुपये झाले असते, कारण १०१ व्या युनिटापासून केवळ वीज आकारच १० रुपये २९ पैसे होता.

प्रश्नकर्ता – देवगडचा बागायतदार

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आमच्या बंद घराचा खरा बोजा स्थिर आकाराचा आहे, हे आता समजले. वाडीतील काही घरांत पूर्वी थ्री फेज घेतलेले आहे. त्यांनी काय करावे?

उत्तर – निवृत्त, बिलिंग विभाग, रत्नागिरी

थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो. त्या घरात आता तेवढा भार नसेल, तर सिंगल फेजमध्ये बदल करून घेण्यासाठी उपविभागीय कार्यालयात अर्ज द्यावा. सोबत अलीकडचे बिल जोडावे आणि त्यावरील मंजूर भार अर्जात लिहावा. घर पुढील काही वर्षे उघडणारच नसेल तर जोडणी कायमस्वरूपी बंद करून सुरक्षा ठेव परत मागता येते. मात्र पुन्हा जोडणी घेताना नव्याने खर्च येतो, तो आधी विचारून घ्यावा. आणि दर महिन्याला बिलावरील चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहण्यास शेजारी कोणाला तरी सांगून ठेवावे, कारण कुलूपबंद घराचे मीटर आत असले की सरासरीने बिल येण्याची शक्यता असते.