मदत हवी आहे : मरूनही नावाने उरणारा खलनायक

आम्ही पाच जण कोल्हापुरात दर दुसऱ्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे घेऊन कथा रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेऊन स्वतः रचलेली मोहीम खेळतो. पात्रे सहाव्या पातळीवर आहेत आणि खेळ मी चालवतो. विश्वरचनेसाठी पुराणांतील चौदा लोकांचा आराखडा घेतला आहे. त्यात अतलापासून पाताळापर्यंतचे सात लोक म्हणजे अंधारकोठड्या नव्हेत, कारण विष्णुपुराणात नारद पाताळाला स्वर्गाहून रम्य म्हणतो, आणि खलनायकाला असे घर मिळाले की तो आपोआप रंजक होतो.

खलनायक सुचला तो कोल्हासुराच्या कथेवरून. देवीच्या हातून मरताना त्याने नगरीला आपले नाव मिळावे असा वर मागितला, अशी आख्यायिका आपण सारेच ऐकत आलो आहोत. माझा असुरही शंभर वर्षांपूर्वी मेला आहे, परंतु शहराचे नाव जितक्यांदा उच्चारले जाते तितका तो थोडाथोडा परततो.

अडचण इथेच आहे. आधी त्याचे भक्तमंडळ उभे केले, तर खेळ नुसत्या मारामारीचा झाला. मग नामांतराचा मार्ग खुला ठेवला, तर खेळाडूंनी राजाला पटवून एका बैठकीत प्रश्न निकालात काढला (त्यांचे कौतुकच वाटले).

पूज्य देवता पात्र म्हणून आणायच्या नाहीत, आणि हाताशी सहाच बैठका आहेत. तर नाव पुसण्याची अशी कोणती किंमत ठेवावी, जी खेळाडूंना आधीच दिसेल आणि तरीही मोजावीशी वाटेल?