मदत हवी आहे: डोंगराळ भागातले जमीन एकत्रीकरण, संमती द्यावी का?

नमस्कार मंडळी. आमची जमीन डोंगरउतारावर सात ठिकाणी विखुरलेली आहे. आता एकत्रीकरणाची योजना आली आहे. सात तुकड्यांच्या बदल्यात एकच सलग तुकडा मिळेल, तोही खालच्या अंगाला. संमतीचा कागद घरात पडून आहे आणि सही करायला हात धजावत नाही.

फायदा दिसतो. आज औजारं डोक्यावर घेऊन एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यातच अर्धा दिवस जातो. बांधांखाली जमीन अडकते, यंत्र नेता येत नाही.

पण विखुरलेपण हाच आमचा विमा होता. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे वरचं आणि खालचं पीक एकाच वेळी कापणीला येत नाही. घरची चार माणसं सगळं उरकू शकतात. गारपीट झाली, दरड आली, तरी एखादं शेत वाचतं. सगळं एका जागी आलं तर?

दुसरं, मोजणी क्षेत्रफळावर होणार की कसावर? वरच्या शेताची दगडी ताल (उतारावरची माती अडवणारी भिंत) आजोबांनी रचली, दर पावसाळ्यानंतर आम्ही निखळलेले दगड पुन्हा बसवतो. त्या मातीची किंमत कोण लावणार? झऱ्याच्या पाण्याचा आणि वाटेचा हक्क नव्या तुकड्याबरोबर येतो का?

ज्यांच्याकडे उतारावर एकत्रीकरण झालंय, त्यांनी कृपया सांगा: उत्पन्न खरंच वाढलं का? आणि दोन वेगळ्या उंचीवर दोन तुकडे मागता येतात का?