मदत हवी आहे: लायब्ररीचे टाइप्स दुरुस्त केले तर लोकांचे बिल्ड फुटले

सातरस्ता_देव:
जरा लवकर सांगा. मी आणि पुण्यातला एक मित्र मिळून छोटी एचटीटीपी क्लायंट लायब्ररी (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारा तयार कोड) सांभाळतो, ओपन सोर्स. एररमध्ये रिस्पॉन्स असतोच असं टाइपमध्ये, म्हणजे कुठे काय येणार ते टाइपस्क्रिप्टला सांगणाऱ्या वर्णनात, लिहिलेलं होतं, पण नेट गेलं किंवा टाइमआउट झाला तर रिस्पॉन्स येतच नाही, अनडिफाइंड असतो, आणि कोणी त्याचा स्टेटस वाचायला गेलं की अ‍ॅप पडतं. म्हणून तिथे एक प्रश्नचिन्ह टाकलं (असेल किंवा नसेलही, या अर्थाचं) आणि पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्तीचं व्हर्जन सोडलं. सकाळी उठून बघतो तर इश्यूंची रांग. निम्मे म्हणतात बिल्ड फुटला, निम्मे म्हणतात काहीच बदललं नाही. मागे घेऊ का?

होटगीरोड:
टाइपस्क्रिप्ट कुठलं, मॉड्यूल रिझोल्यूशन (लायब्ररीची फाइल शोधायची पद्धत) काय, टाइप्स हाताने लिहिता की जनरेट करता? ते सांगा की आधी. बदल दिसत नाही म्हणणाऱ्यांचं स्ट्रिक्ट (कडक तपासणी) बंद असेल, मग प्रश्नचिन्ह असून नसून सारखंच.

शेंगाचटणी:
लायब्ररी कशाला पाहिजे? नोड 18 पासून रिक्वेस्ट पाठवणारं फेच आतच आहे. मी सगळीकडे तेच लावलंय, लै हलकं.

सातरस्ता_देव:
दादा, मी लायब्ररी वापरत नाही, लिहितो. कोड जावास्क्रिप्टमध्ये, टाइप्स हाताने. आणि स्ट्रिक्ट चालू असणाऱ्यांनाही बदल दिसत नाही, माउस नेला तर प्रश्नचिन्हच नाही.

विजापूरवेस:
मूळ दुखणं हाताने लिहिण्यात आहे. कोडमध्येच जेएसडॉक (टाइप सांगणाऱ्या कॉमेंट) लिहा, चेकजेएस (जावास्क्रिप्टचीही तपासणी) चालू करा आणि डिक्लरेशन फाइल, म्हणजे टाइप्सची फाइल, टीएससी या टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरकडून काढून घ्या. आमच्याकडे दोन वर्षं असंच चालू आहे, कोड एक आणि टाइप दुसरंच असं होत नाही.

होटगीरोड:
ताई, जनरिक्स (टाइपलाच टाइप द्यायची सोय) वाढले की जेएसडॉक वाचवत नाही, आणि आतले टाइप्स पण बाहेर पडतात. हाताने लिहा पण टेस्ट लिहा. टेस्ट फाइलमध्ये रिस्पॉन्स न तपासता स्टेटस वाचायचा आणि वरच्या ओळीत टीएस-एक्सपेक्ट-एरर (खालच्या ओळीत एरर यायलाच हवा) टाकायचं. उद्या कोणी ते प्रश्नचिन्ह काढलं तर तिथे एररच येणार नाही, आणि टीएससी म्हणेल ही ओळ बिनकामाची आहे, सीआय (आपोआप चालणारी तपासणी) लाल. टाइपस्क्रिप्ट 3.9 पासून आहे हे.

विजापूरवेस:
टेस्ट लिहायला पण माणूस लागतो ना. दोघंच आहेत ते.

पार्कचौक:
विषयांतर होतंय, पण सोलापुरात टाइपस्क्रिप्टचं काम देणारं कोणी आहे का? दर सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस धरून कंटाळा आलाय.

होटगीरोड:
रिमोट बघा, वेगळा धागा काढा.
@सातरस्ता_देव, पॅकेजमध्ये टाइपच्या फाइली किती?

सातरस्ता_देव:
दोन. इंडेक्स डॉट डी डॉट टीएस आणि इंडेक्स डॉट डी डॉट सीटीएस.

होटगीरोड:
आणि प्रश्नचिन्ह एकाच फाइलमध्ये टाकलंय, आत्ता रेपो बघितला. मॉड्यूल रिझोल्यूशन नोड16 ठेवून रिक्वायर (लायब्ररी घ्यायची जुनी पद्धत) करणाऱ्यांना सीटीएसवाली फाइल मिळते, त्यांना अजून जुनाच टाइप दिसतोय. आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये स्किपलिबचेक चालू आहे, म्हणजे तुमच्याच डी डॉट टीएस फाइली आतून तपासल्या जात नाहीत. इथे त्याने काही बिघडलं नसलं तरी स्वतःच्या रेपोत ते बंदच पाहिजे.

सातरस्ता_देव:
अरे देवा. खरंय. दोन्ही फाइली शेजारी उघडल्या, त्या ओळीत फरक तेवढाच. मग पॅच चुकला का?

विजापूरवेस:
चुकला. एखाद्याचा बिल्ड रात्री आपोआप चालतो, त्याने काही न करता फुटला तर त्याला काय वाटेल? मेजर, म्हणजे मोठ्या बदलाचं व्हर्जन काढा.

होटगीरोड:
मला नाही पटत. टाइप खोटा होता, तो खरा केला, ही दुरुस्तीच. टाइपस्क्रिप्ट तरी कुठे सेमव्हर (फोडणारा बदल मेजरमध्येच, हा नियम) पाळतं? 2021 ला 4.4 मध्ये स्ट्रिक्टवाल्यांचा कॅचमधला एरर अननोन (तपासल्याशिवाय वापरता न येणारा) केला, आमच्याकडे अर्धा प्रोजेक्ट लाल झाला होता. पण त्यातले दोन बग खरे निघाले.

सातरस्ता_देव:
ज्यांचे बिल्ड फुटले त्यातल्या एकाने आत्ताच लिहिलंय की त्याच्या पेमेंटच्या पानावर टाइमआउट झाला की कोरा स्क्रीन यायचा, कारण हेच. त्यामुळे टाइप मागे घेत नाही. तो पॅच डेप्रिकेट करतो (वापरू नका अशी खूण), दोन्ही फाइली नीट करून मेजर काढतो, रिलीज नोटमध्ये पहिलीच ओळ ही. टेस्टची फाइल आज रात्री लिहायला घेतो, होटगीरोड, एकदा बघाल का?

होटगीरोड:
पीआर (बदलाचा प्रस्ताव) टाका, जेवण झालं की बघतो.

शेंगाचटणी:
फेचमध्ये 404 आला तरी एरर फेकला जात नाही, ते तुम्ही कसं सांभाळता?